डिसेंबरात टिकलेला वेग मे महिन्यात का पडतो?

मावशीचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "अरे, सप्तपदीचे फोटो कुठं गेले रे? हार घातलेले आहेत, पंगत आहे, मधलं काहीच नाही."

मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मे महिना, नागपूर. मी फोटो कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतले, सेव्हन-झिपने एका गठ्ठ्यात आवळले, मूळ फोल्डर उडवलं आणि कार्ड पुसून परत दिलं. पुढे गठ्ठा सोडायला गेलो तर अर्ध्यावर 'सीआरसी फेल्ड', म्हणजे आतला मजकूर पडताळणीत जुळेना. असा गठ्ठा सलग आवळलेला असतो. आत एक बिट चुकलं तर तिथून पुढचं बरंच काही हाती लागत नाही. डिस्क तपासली, ठणठणीत. रॅम रात्रभर तपासली, एक चूक नाही. मग नजर गेली बायोसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणारं, मशीनची मूळ सेटिंग ठेवणारं ते) एका आकड्याकडे. ४५. डिसेंबरपासून मला त्या आकड्याचा फार अभिमान होता.

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार असतो. मूळ घड्याळ सेकंदाला १० कोटी ठोके देतं, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, आणि प्रोसेसर त्याला मल्टिप्लायरने गुणतो. ३७ ने गुणलं की ३.७ गिगाहर्ट्झ, ४५ ने गुणलं की ४.५. मल्टिप्लायर उघडा ठेवलेला प्रोसेसर असेल (इंटेलच्या नावाच्या शेवटी 'के' असतो तो त्यासाठीच) आणि मदरबोर्डची परवानगी असेल, तर बायोसमध्ये जायचं, आकडा बदलायचा, सेव्ह करायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते एवढंच. आकडा बदलायला अर्धा मिनिट लागतो. तो कुठे थांबवायचा हे कळायला मला सहा महिने आणि एक लग्न लागलं.

ढोल-ताशा पथकात कधी वाजवलं असेल तर प्रोसेसरच्या आत काय चालतं ते लगेच समजेल. ताशा लय देतो, साठ ढोल त्यावर वाजतात. लय वाढवत नेली की काय होतं? सगळे ढोल एकदम नाही कोलमडत. सगळ्यांत मागे, ज्याचा हात थोडा जड आहे त्याचा एक ठोका आधी हुकतो. पथकाची कमाल लय ठरते ती त्या एका वादकावर. प्रोसेसरमध्येही असंच आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये विजेच्या संकेताला ट्रान्झिस्टरांची एक साखळी पार करून पुढच्या मुक्कामी पोचायचं असतं. ४.५ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ०.२२ नॅनोसेकंद असतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटर जात नाही. बहुतेक साखळ्या आखूड असतात, त्यांना वेळ उरतो. सर्वांत लांब साखळीला जेमतेम पुरतो. घड्याळ वाढवलं की पहिली तीच उशिरा पोचते, आणि ठोका पडतो त्या क्षणी तिथे जुनं किंवा अर्धवट उत्तर असतं. प्रोसेसरला ते चुकीचं आहे हे कळत नाही. तो ते घेऊन पुढे जातो.

आणि गर्दीत एका ढोलाचा हुकलेला ठोका कोणाला ऐकू येतो?

मागच्या वादकाचा हात हलका करायचा एक उपाय आहे: व्होल्टेज. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात, उशीर करणारी साखळी वेळेत पोचते. पण इथे हिशेब फिरतो. चिपमध्ये जळणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसता वेग १० टक्के वाढवला तर उष्णता साधारण १० टक्के वाढते. त्या वेगासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवावं लागलं तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे ३३ टक्के.

माझ्या मशीनचे आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसता हवेत राहतो. कंपनीच्या सेटिंगवर ३.७ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टेजवर ते ४.२ पर्यंत निमूट गेलं: वेग साडेतेरा टक्के जास्त, उष्णताही तेवढीच जास्त. ४.५ साठी मात्र १.३५ व्होल्ट द्यावे लागले, आणि सूत्राप्रमाणे वीज मूळच्या दीडपटीच्याही वर गेली. म्हणजे ४.२ वरून ४.५ वर जाताना वेग ७ टक्के मिळाला आणि त्यासाठी उष्णता ३५ टक्क्यांनी वाढवली. ४.७ चाही प्रयत्न केला. त्याला १.४२ व्होल्ट लागले, विंडोज सुरू झालं, मी स्क्रीनशॉट काढला, मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा.

त्या स्क्रीनशॉटबद्दल थोडं. द्रवरूप हेलियम ओतून प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेलेले लोक आहेत. तो खेळ मला आवडतो, पण तो वेगळा खेळ आहे. तिथे मशीनला आकडा नोंदवण्यापुरतंच जगायचं असतं. आपल्याला त्यावर लग्नाचे फोटो ठेवायचे असतात.

मग कंपनीने ३.७ च का ठरवले, मशीन ४.२ ला सहज जात असताना? कंपनी कंजूष आहे म्हणून नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिप सारख्या नसतात. एक १.२ व्होल्टवर ४.४ ला जाते, दुसरी ४.१ लाच दम टाकते. याला सगळे सिलिकॉन लॉटरी म्हणतात. कंपनीला त्यातल्या सुमार चिपचाही विचार करून आकडा छापावा लागतो. शिवाय ती चिप कोणाच्या घरी जाणार, कुठल्या मदरबोर्डवर बसणार, कॅबिनेटमध्ये किती धूळ साचणार, हे तिला माहीत नसतं. म्हणून थोडी मोकळी जागा राखून ठेवलेली असते. तिच्यातला एक वाटा उकाड्याचा.

दुसरा वाटा व्होल्टेजच्या झोल्याचा. घरात पाण्याची मोटर सुरू केली की दिवा क्षणभर मिणमिणतो ना, तसंच. सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकदम कामाला लागले की चिपवरचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि चूक व्हायची असेल तर त्याच क्षणी होते. तिसरा वाटा म्हातारपणाचा. वर्षानुवर्षं उष्णता आणि प्रवाह सोसून ट्रान्झिस्टर किंचित मंद होतात, आतल्या बारीक तारांमधले अणू प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतात. आज १.३५ व्होल्टवर चालणारा वेग तीन वर्षांनी १.३७ मागू शकतो.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये आपण ही राखीव जागा खर्च करतो. फुकट काही मिळत नाही, फक्त आपल्या वाट्याला आलेली जागा किती मोठी आहे ते शोधायचं असतं. कधीकधी ती प्रचंड असते. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ची गोष्ट जुनी मंडळी अजून सांगतात. ३०० मेगाहर्ट्झचा तो स्वस्त प्रोसेसर, मूळ घड्याळ ६६ वरून १०० वर नेलं की पुष्कळदा ४५० ला सहज पळायचा. सरळ दीडपट. त्याच वेगाचा पेंटियम टू त्याच महिन्यात आला होता आणि किमतीत कितीतरी वर होता. त्या काळी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पैसे वाचवणं होतं.

माझ्या बाबतीत चूक झाली ती उकाड्याच्या वाट्यात. घरातला नेहमीचा कूलर, पंख्याचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर अमुक इतके अंश, एवढंच तो ठरवतो. (आमच्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला वाळ्याचा कूलर. मी 'नवीन कूलर घेतला' म्हणून डबा उघडला तेव्हा आई कितीतरी वेळ पाण्याची टाकी शोधत होती.) डिसेंबरात खोली २० अंशांवर होती आणि पूर्ण भाराखाली प्रोसेसर ७२ वर. मी रात्रभर टेस्ट लावली, पास झाली, विषय मिटला. मे महिन्यात खोली ३८. वरचे १८ अंश सरळ प्रोसेसरवर चढले, आणि तापलेली चिप गळतीत जास्त वीज घालवते म्हणून आणखी थोडे. ९० च्या पुढे गेल्यावर माझ्या त्या चिपमधले ट्रान्झिस्टर जरासे मंदावले. मोकळी जागा मी डिसेंबरातच पूर्ण खर्च केली होती. मे महिन्याने त्याचा वाटा परत मागितला तेव्हा हातात काही नव्हतं.

पण रात्रभराची टेस्ट पास झाली होती, त्याचं काय? इथे बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली. प्राइम९५, ओसीसीटी अशा टेस्ट मशीन अस्थिर आहे एवढंच सिद्ध करू शकतात. स्थिर आहे हे कुठलीच टेस्ट सिद्ध करत नाही. समजा एखादं मशीन सरासरी २४ तासांत एक चूक करतं आणि चुका आल्या तशा येतात, कुठलाही वार-वेळ न पाळता. असं मशीन ८ तासांची टेस्ट किती वेळा पास होईल? हिशेब केला तर दहातले सातपेक्षा थोडे जास्त वेळा. म्हणजे रोज एक चूक करणारं मशीन, रोज, आणि रात्रभराच्या परीक्षेत ते बहुधा पासच होणार. अगदी दर ८ तासांना सरासरी एक चूक करणारं मशीनही शंभरात ३७ वेळा पास होतं. टेस्ट लांबवत नेणं हा एक उपाय, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे टेस्ट मुद्दाम कठीण करणं. दुपारी लावा, पंखे मंद करा, कॅबिनेटच्या तोंडाशी कापड धरा. या छळात टिकलं तर रोजच्या वापरात काही जागा शिल्लक आहे असं म्हणता येतं.

प्राइम९५ ची एक गोष्ट मला फार आवडते. ते अवाढव्य आकड्यांचे गुणाकार करतं आणि उत्तर पूर्णांकापासून किती ढळलं ते पाहत राहतं. ढळणं ०.४ च्या वर गेलं की थांबतं आणि लाल अक्षरांत नाही, आरडाओरडा करून नाही, एका ओळीत सांगतं की राउंडिंग ०.५ आलं. तेवढ्यात मशीन दिसायला छान चालू असतं. माउस हलतो, गाणं वाजतं. फक्त बेरीज-गुणाकार चुकत असतात.

निळा पडदा, अचानक रिस्टार्ट, गेम बंद पडणं, याला लोक घाबरतात. मला हे प्रकार प्रामाणिक वाटतात. चूक झाली, मशीनने सांगितलं, आपण बायोसमध्ये जाऊन आकडा खाली केला. भीती वाटावी ती न सांगता झालेल्या चुकीची. माझ्या फोटोंचं तेच झालं. ओव्हरक्लॉक काढून दुसरे फोटो तसेच वीस वेळा आवळून सोडवून पाहिले, वीसही वेळा बरोबर. ४५ वर परत नेऊन, दुपारी, तेच वीस वेळा केलं तर दोन गठ्ठे फुटके. एकदाही निळा पडदा नाही.

ही बारीक शंका नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी त्यांच्या डेटा सेंटरमधला एक प्रसंग जाहीर लिहिला. एका मशीनवर गठ्ठे सोडवताना काही फाइली गायब व्हायच्या. शोधत शोधत एका कोअरपर्यंत पोचले. त्या कोअरवर १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला तर १५६ यायला हवा, तो शून्य द्यायचा. फाइलचा आकार शून्य, म्हणून फाइल लिहिलीच जायची नाही. तिथे कोणी ओव्हरक्लॉक केलं नव्हतं, चिपच तशी निघाली होती. आपण मात्र चांगल्या चिपला मुद्दाम त्या कडेला नेऊन उभं करतो.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशच्या नोंदी चाळल्या होत्या. आठ महिन्यांत किमान ३० दिवस प्रोसेसर चाललेल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या बिघाडामुळे क्रॅश होण्याची शक्यता १९० त एक. पण एकदा क्रॅश झालेलं मशीन पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता जवळजवळ तिनात एक. त्यामुळे 'एकदाच झालं, जाऊ दे' असं म्हणू नये. आणि छापील वेगापेक्षा हळू चालवलेली मशीनं छापील वेगावर चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त भरवशाची निघाली.

आता फायद्याकडे. लग्नाची एक व्हिडिओ फाइल रेंडर करायला मला कंपनीच्या वेगावर ५२ मिनिटं लागायची, ४.२ वर ४७ आणि ४.५ वर ४४. शेवटच्या त्या ३ मिनिटांसाठी मी ३५ टक्के जास्त उष्णता आणि अख्खी राखीव जागा घालवली. चाळिसाव्या मिनिटाला एक रेंडर पडलं की तेरा रेंडरची बचत गेली. गेमिंगमध्ये तर अनेकदा एवढंही पदरात पडत नाही. चित्र मोठ्या रिझोल्यूशनवर असेल तर सगळे ग्राफिक्स कार्डाची वाट पाहत असतात, प्रोसेसर लवकर काम संपवून नुसता बसून राहतो. एखाद्या कामात प्रोसेसर खरोखर अडतो आहे का, हे पाहिल्याशिवाय मल्टिप्लायरला हातच लावू नये असं माझं मत.

आजचे प्रोसेसर घेतले तर गणित आणखी आटलं आहे, कारण राखीव जागा कंपनीच स्वतः खर्च करायला लागली आहे. प्रोसेसर जमेल तेव्हा आपणच वेग चढवतो; टर्बो, बूस्ट ही नावं त्याचीच. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर मुळातच पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच खेळतील असे बनवले आहेत. आणि कंपनीने फार ताणलं तर काय होतं तेही दिसलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये लोकांचे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडायचे. ग्राफिक्स कार्ड बिचारं निर्दोष होतं. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतला एक भाग अकाली म्हातारा होत होता. ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या चिपला आधीच इजा झाली होती ती मात्र अपडेटने बरी होणार नव्हती.

त्यामुळे आता हुशार मंडळी उलट दिशेला गेली आहेत: वेग तोच, व्होल्टेज कमी. अंडरव्होल्टिंग. चिप थंड राहते आणि थंड राहते म्हणून बूस्ट जास्त वेळ टिकतो. हेही राखीव जागेतूनच जातं, हे विसरू नका. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) फार खाली ओढला की गंमत होते. सगळे कोअर जुंपलेली जड टेस्ट मशीन आरामात पास करतं आणि रात्री काही न करता पडल्या-पडल्या रिस्टार्ट होतं. कारण सर्वांत उंच वेग एकच कोअर हलक्या कामात गाठतो, आणि जड टेस्ट त्या उंचीवर कधी जातच नाही. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. अनेकांना हे ठाऊक नसतं आणि दोष प्रोसेसरला देत बसतात.

तरीही करायचंच असेल, आणि मी अजूनही करतो, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. १०० मेगाहर्ट्झ वर, मग आपलं रोजचं काम मोजून पाहा, बेंचमार्कचा आकडा नाही. व्होल्टेज न वाढवता जिथवर जाता येतं तिथवरचा फायदा स्वस्त असतो. पहिली चूक जिथे येते तिथून एक पायरी नाही, दोन पायऱ्या खाली या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या नोंदी अधूनमधून बघा. पडद्यावर काही न दिसताही तिथे प्रोसेसरने सावरून घेतलेल्या चुका लिहिलेल्या असतात. मशीन सुरूच होईना झालं तर घाबरू नका, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी वीज बंद करून काही मिनिटं काढली की बायोस बहुधा मूळ सेटिंगवर येतं. नवे आकडे बसवताना महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या मशीनवर असू द्या, आणि गठ्ठा एकदा सोडवून पाहिल्याशिवाय मूळ फोल्डर उडवू नका.

सप्तपदीचे फोटो शेवटी मावसभावजींच्या मित्राच्या मोबाइलमध्ये सापडले, थोडे धूसर, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. मावशीने तेच मोठे करून भिंतीवर लावले आहेत.

मी तेव्हापासून एक वही ठेवली आहे. वेग आणि व्होल्टेजच्या शेजारी एक रकाना खोलीच्या तापमानाचा, जो डिसेंबरात मला सुचलाच नव्हता. त्यातली सगळ्यांत जास्त वेळा आलेली नोंद अशी आहे: ४.२, व्होल्टेज कंपनीचं, दुपारी तीन, खोली ३९, गठ्ठे वीसपैकी वीस.